चौदशीचा पितर

भाद्रपदातल्या चौदशीला आबा दाढी करून, पांढरा सदरा घालून सकाळपासून तयार बसायचे. शेजारच्या काकीकडे त्या दिवशी म्हाळ असायचा आणि पितर म्हणून जेवायला बसायचे ते माझे वडील. आमच्या भागात म्हाळाला गेलेल्या माणसाच्या नावानं जित्या माणसाला पाटावर बसवतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, खीर-वडे पोटभर वाढतात आणि निघताना टॉवेल-टोपी देतात. तो जेवला की गेलेला जेवला. दिवसही मरणावर ठरलेला. अंथरुणात गेलेल्याची ज्याची त्याची तिथी, सवाष्ण गेली तर नवमी, आणि हत्यारानं मेलेल्याची चौदस. काकीचा नवरा चीनच्या लढाईत गेला, म्हणून तिच्याकडे चौदस.

पाय काकी स्वतः धुवायची. आबांच्या डाव्या पायाला एकही बोट नव्हतं, उजव्याला दोन उरली होती. बाकीची बर्फानं खाल्ली, एवढंच आम्हाला माहीत. काकी तांब्यानं पाणी ओतायची आणि पायांवरून हात फिरवायची, जिथं बोटं नव्हती तिथंही फिरवायची. लहानपणी मी दारात उभी राहून बघायची आणि मला हसू यायचं. घरी येऊन आईला विचारायची, "नसल्याली बोटं कशी धुत्यात गं?" आई म्हणायची, "गप ऱ्हा. लय शाणी हाईस."

आबा आणि काकीचा नवरा एकाच आळीतले. दोघांची रानं बांधाला बांध लावून, मधली विहीर सामायिक. साताऱ्याला भरतीला एकाच दिवशी गेले, छाती मोजताना दोघांनीही श्वास कोंडून धरला आणि दोघंही घेतले गेले. ही गोष्ट आबा रंगवून सांगायचे. कवायत शिकवणाऱ्या उस्तादाच्या शिव्या, परेडला चुकलेलं पाऊल, लंगरातल्या जाड्या रोट्या, सगळं सांगायचे. लढाईपाशी आले की मात्र तंबाखूची डबी उघडायचे, चुना लावायचे आणि तो विषय तिथंच मिटायचा.

लढाई थांबली तेव्हा काकीकडे आधी कागद आला की माणूस बेपत्ता आहे. ती नुकती नांदायला आलेली, सतरा वर्षांची पोर. बेपत्ता म्हणजे कुठंतरी आहे, असा तिनं अर्थ लावला आणि कुंकू लावत राहिली. आबा लष्कराच्या दवाखान्यातून कुबड्या घेऊन घरी आले ते उन्हाळ्यात. सगळी आळी जमली. आबांनी सांगितलं, "कपाळात गोळी बसली. पाणीबी मागितलं न्हाई." त्या शब्दावर काकीच्या बांगड्या फुटल्या. देह नव्हताच, म्हणून भटजींनी दर्भाचा पुतळा करायला लावला आणि तो नदीकाठी जाळला. काकी पुढं कधीतरी म्हणायची, "माझ्या मालकाच्या नावानं गवात जाळलं बया." तिनं दुसरं लग्न केलं नाही. दिराच्या पोराला मांडीवर घेतलं, रान कसलं, ऊस लावला, आणि दरवर्षी चौदशीला आबांचे पाय धुतले.

आबांचं एक वागणं मला कधी समजलं नाही. सामायिक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या असतात, एक आठवडा आमचा, एक काकीचा. आमच्याकडे पाळीवरून डोकी फुटतात, सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. आबांनी काकीच्या पाळीत कधी मोटारीचं बटण दाबलं नाही. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण आमची पाळी असली तरी ते बांधावर जाऊन विचारायचे, "वैनी, तुमचं भिजायचं ऱ्हायलंय का काय?" आणि तिनं नुसती मान हलवली की पाणी तिकडं. एका उन्हाळ्यात आमचा ऊस वाळून कोळ झाला आणि बांधापलीकडं काकीचा हिरवागार. आईनं त्या दिवशी आबांना नुसतं सोलून काढलं. "लोकाच्या रानात पाणी आन् आपल्या रानात फुफाटा! पलटणीत ह्येच शिकवलं व्हय तुमाला?" आबा एवढंच म्हणाले, "पाळी म्हंजे पाळी." गावातली माणसं त्यांना 'पाळीवाला फौजी' म्हणून चिडवायची. माझा स्वभाव आईवर गेलाय, त्यामुळं मीही तणतण करायची.

दुसरं म्हणजे बर्फ. जत्रेत बर्फाचा गोळा मागितला की आबा माझा हात सोडून लांब जाऊन उभे राहायचे. भावाचं सोनं आटवायचं दुकान दूर दक्षिणेत आहे. वर्षातून एकदा येतो आणि घरात एखादी महागडी वस्तू ठेवून जातो. एका वर्षी फ्रीज आणला. आबांनी तो आपल्या खोलीच्या भिंतीलाही लागू दिला नाही, गोठ्याकडच्या सोप्यात नेऊन ठेवायला लावला. म्हशीला थंडगार पाणी पाजायचंय का, असं मी विचारलंसुद्धा. आणि थंडीच्या दिवसांत माझी पोरं आजोळी आली की आबा त्यांची पावलं चाचपायचे. गार लागली तर तळहातांनी घासत बसायचे, पोरं खिदळायची, पाय ओढून घ्यायची, तरी सोडायचे नाहीत.

पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना खुर्चीवर बसवायचे. कोणीतरी दरवर्षी तेच भाषण करायचं, की आपल्या जवानांनी थंडी-वाऱ्याची पर्वा केली नाही. एकदा मी शेजारी बसले होते. आबा पुटपुटले, "पर्वा न्हाई कशी? दुसऱ्या कशाची पर्वाच न्हवती." टाळ्यांच्या कडकडाटात ते कोणाला ऐकू गेलं नाही. माझं डोकं फिरतं ते ह्याच गोष्टीनं. सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत ह्या पोरांना बर्फात उभं करायचं, आणि वर म्हणायचं की त्यांना थंडी वाजत नव्हती. एक नारळ, एक शाल, चला, झालं. ती शाल आबा घरी येईपर्यंत वाटेत कोणाला तरी देऊन टाकायचे.

आई गेल्यावर मी पलूसहून माहेरी येऊन राहिले. नवरा म्हणाला, "जा तू, मला चहा करता येतो." गेल्या श्रावणात आबांच्या छातीत कफ दाटला आणि मिरजेला दवाखान्यात ठेवावं लागलं. खोलीत एसी होता. बंद करा म्हटलं तर नर्स म्हणाली, सगळ्या मजल्याला एकच आहे, होत नाही बंद. आबांना ताप आणि वरून तो गार वारा. दुपारी ते बरळायला लागले. "ऊठ रं. ऊठ गड्या. पाळी तुजी हाय."

मी हसले, खरंच हसले. म्हटलं, तापातसुद्धा म्हाताऱ्याच्या डोक्यात मोटारच. त्यांना म्हणाले, "आबा, काकीचं भिजवून झालं. झोपा तुमी."

त्यांनी माझं मनगट धरलं, डोळे उघडले आणि म्हणाले, "कोट घे म्हणालो की मी. म्हणालो हुतो."

विहिरीवर कोट कुठला? माझं हसू तिथंच थांबलं.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस मी विचारलं नाही. मग एका सकाळी त्यांना उन्हात बसवून पायांना तेल लावत होते, तेव्हा विचारलं. त्यांनी तंबाखूची डबी हातात घेतली, पण उघडली नाही.

वरच्या ठाण्यावर थंडीचे जाड कोट थोडेच आले होते. दोघांत एक. एकानं घालायचा, दुसऱ्यानं नुसत्या जर्सीवर कुडकुडायचं, मग पाळी बदलायची. ह्या दोघांचा जोड होता आणि कोट एक. हल्ला झाला, पलटण फुटली, माघारीचा हुकूम आला आणि उरलेसुरले जवान बर्फातून मिळेल त्या वाटेनं खाली निघाले. पोटात काही नव्हतं. बूट भिजून गोठले होते. दोघं मागं पडले आणि एका खडकाच्या आडोशाला टेकले. तेव्हा कोट आबांच्या अंगावर होता.

"मग त्येची पाळी आली," आबा म्हणाले. "त्यो डोळं मिटून बसल्याला. मी हाक मारली, कोट घे म्हणालो. एकच हाक मारली बाय. ती बी हळू."

माझा हात त्यांच्या पायावर तसाच राहिला.

"मोठ्यानं मारली असती तर उठला असता. मला म्हाईत हुतं. म्हणून तर हळू मारली."

उजाडलं तेव्हा तो ताठला होता. कपाळात गोळी नव्हती, कुठंच नव्हती. आबा त्याच्या अंगावर बर्फ लोटून, तो कोट घालून खाली आले. बोटं गेली, पण माणूस वाचला. मला रडू फुटलं आणि रागही आला, तो कोणावर काढावा ते कळेना. ज्यांनी दोघांत एक कोट दिला ते तर कधीच मरून गेले असतील.

"चौदस आली जवळ," आबा पुढं म्हणाले. "मी पाटावर बसणार न्हाई. त्येला हत्यार लागलंच न्हाई तर चौदस त्येची कशी? इतकी वर्सं चुकीच्या दिवशी पान वाढलं त्या माउलीनं, माझ्या बोलण्यावर. त्येच्यापतूर पोचलंच नसंल. उपाशी असंल त्यो. आन् त्येचं पान मी जेवलो."

मी चिडले. म्हणाले, "आबा, ऐंशीला टेकलेली बाई हाय ती. गोळीवर तिनं जन्म काढला. आता कशाला उकरून काढताय? ऱ्हाऊ दे की तेवढं तिच्याजवळ."

"आन् मी मेलो म्हंजे? त्येची खरी गत कोण सांगणार तिला?"

त्यांना मरणाची भीती नव्हती. हे न सांगता मरण्याची होती.

काकीला बोलवायची वेळ आली नाही. आबा दवाखान्यातून आले म्हणून ती आपणच हुलग्याचं माडगं घेऊन आली, पातेल्यावर फडकं बांधून. उंबऱ्याशी बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "गरम हाय तवर घ्या भावजी." आबांनी घेतलं नाही. त्यांनी तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं तसंच. एकच हाक, ती बी हळू, हेही गाळलं नाही. मी दाराला टेकून उभी होते. आता ही बाई छाती पिटून घेईल, तळतळाट देईल, आणि द्यावाच, असं मला वाटत होतं.

काकीनं पातेल्यावरचं फडकं पुन्हा घट्ट बांधलं. मग तिनं विचारलं, "त्यो कोट कुठाय?"

आबांना प्रश्नच कळला नाही.

"कोट वो भावजी. तुमी घालून आलासा त्यो."

"दवाखान्यात अंगावरनं कापून काढला. जाळला असंल त्येंनी. घाणीनं भरल्याला."

"आणायचा हुता की!" तिचा आवाज एकदम चढला. "तेवढा तरी आणायचा हुता! त्येनं बी घातला हुता की त्यो. त्येच्या अंगाचा वास असता त्येला. मी गवात जाळलं वो भावजी, गवात! माझ्या माणसाची एक चिंधी न्हाई माझ्याजवळ."

आबा म्हणाले, "चुकलो वैनी." ती उठली आणि गेली. हाक हळू मारली त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. माडगं तसंच निवलं. पातेलं न्यायलाही ती आली नाही, मी घासून फळीवर ठेवलं.

त्यानंतर तिचा चेहरा दिसेना. तिच्या पाळीला बांधावर तिचा मांडीवर घेतलेला पोरगाच यायचा. आबा रोज विचारायचे, "वैनी आल्या हुत्या का?" मी नाही म्हणायची आणि कामाला लागायची. पितरपाट सुरू झाला. दरवर्षी तेरशीला काकी स्वतः येऊन सांगून जायची, उद्या यायचं बरं का. यंदा तेरस उलटली आणि कोणी फिरकलं नाही. चौदशीला सकाळी बघते तर आबांनी दाढी केलेली, पांढरा सदरा घातलेला, आणि काठी घेऊन ओट्यावर बसलेले.

मी म्हणाले, "तुमी तर पाटावर बसणार न्हाई म्हणत हुतासा."

"नुसतं बसलोय," ते म्हणाले.

मला त्यांचा असा कळवळा आला की मी तिथून निघूनच गेले, चुलीवर उगाच आधण ठेवलं. दुपार झाली. काकीच्या छपरावर कावळ्यांचा गलका सुरू झाला, म्हणजे तिकडं घास ठेवला होता. आबा तरी हलले नाहीत. आणि मग काकीची हाक आली. आपल्या अंगणातून ती ओरडत होती, "आवं भावजी! आवं, पान वाढलंय!" आबांना कमी ऐकू यायचं. तिनं पुन्हा मारली. पुन्हा मारली. सगळी आळी दारात आली तरी ती थांबेना. शेवटी आबा काठी टेकत उठले आणि मी त्यांच्या पाठोपाठ गेले.

पाटाजवळ ते अडून उभे राहिले. "वैनी, चौदस त्येची न्हवं."

"बसा गप," काकी म्हणाली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "गारठा काय त्येनं हितनं बांधून न्हेला हुता? लढाईनंच मारलं न्हवं? मग चौदसच त्येची. आन् उपाशी असंल वाटत असंल, तर आज दोघांचं जेवा."

तिनं पाय धुवायला घेतले. तांब्यातून वाफ येत होती. इतकी वर्षं ती साधं रांजणातलं पाणी ओतायची, आज ऊन पाणी होतं. हात फिरवता फिरवता म्हणाली, "पोळत न्हाई न्हवं?" आबांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी सदऱ्यावर पडत होतं आणि ते पुसत नव्हते. मग ते जेवले, सावकाश, मागून मागून जेवले. आळूची वडी दोनदा घेतली, खीर तीनदा. मी त्यांना इतकं जेवताना पुष्कळ वर्षांत बघितलं नव्हतं.

निघताना टॉवेल-टोपीच्या जागी काकीनं एक घोंगडं पुढं केलं. काळं, जाड, धनगराकडून मुद्दाम विणून घेतलेलं. म्हणजे त्या न फिरकलेल्या दिवसांत ती हे करत होती. भाद्रपदातला उकाडा, अंगाची नुसती काहिली होत होती. आबांनी ते घोंगडं तिथंच अंगावर घेतलं आणि तसेच घरी आले. घामानं निथळत होते. मी ओरडले, काढा म्हणाले, ताप येईल पुन्हा. त्यांनी संध्याकाळपर्यंत काढलं नाही.

पौषात आबा गेले. सकाळी मी चहा घेऊन गेले तर उठले नाहीत. मी हाका मारल्या, मोठ्यानं मारल्या, शेजारी धावत आले इतक्या मारल्या. भाऊ विमानानं आला. आबांना अंगणात ठेवलं. आमच्या रीतीप्रमाणे पाहुणे येऊन देहावर पांढरं कापड घालत होते, एकावर एक टॉवेल पडत होते.

काकी आली ती रिकाम्या हातानं. सरळ घरात गेली आणि खुंटीवरचं घोंगडं घेऊन बाहेर आली. भाऊ हळूच म्हणाला, "काकी, ऱ्हाऊ दे की ते. आबांची आठवण हाय." तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घोंगडं आबांच्या अंगावर पसरलं, गळ्यापाशी सारखं केलं, आणि खाली येऊन पायांखाली नीट खोचलं, बोटं नव्हती तिथंही. मग त्यांच्या कानाशी वाकली. आबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळं ती नेहमीसारखीच मोठ्यानं बोलली आणि सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

"भावजी, दोघांत एक हाय. पयली पाळी त्येची. आन् हाक मोठ्यानं मारा."

मग ती बाजूला झाली आणि भावानं विस्तवाचं मडकं उचललं.